पिवळी ज्योत काय सांगते?

आता डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरही पुष्कळ घरांत गॅसची शेगडी दिसते. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. तेव्हापासून गरिबाच्या घरीही सिलिंडर येऊ लागला. पण शेगडी घरात आली म्हणजे काम संपले नाही. तिची निगा राखावी लागते.

आमच्या वर्गाला येणाऱ्या एका बाईंनी एकदा विचारले, "गुरुजी, गॅसवर ठेवलं तरी भांडं काळं होतंय. सिलिंडरही लवकर संपतो. त्यापेक्षा चूलच बरी नाही का?"

नाही, चूल बरी नव्हे. चुलीचा धूर डोळ्यांत जातो, छातीत जातो. पण बाईंची तक्रारही खरी होती. दोष गॅसचा नव्हता, हवेचा होता. तो कसा, ते पाहू.

शेगडीच्या बटणामागे पितळेचा एक लहान तुकडा असतो. त्याला जेट म्हणतात. त्याला सुईच्या टोकाएवढे बारीक भोक असते. त्यातून गॅस जोराने बाहेर येतो. तो जाताना बाजूच्या फटीतून हवा ओढून घेतो. पुढच्या नळीत गॅस आणि हवा मिसळतात. हे मिश्रण बर्नरच्या भोकांतून वर येते आणि पेटते. एक भाग गॅस पुरता जळायला सुमारे २५ ते ३० भाग हवा लागते. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी राहते. हवा कमी पडली की ज्योत पिवळी आणि लांब होते. न जळलेला कोळसा काजळी होऊन भांड्याला लागतो. म्हणजे आपण पैसे देऊन घेतलेला गॅसच भांड्याला चिकटतो!

हवा का अडते? पेज उतू जाते आणि बर्नरची भोके बुजतात. आणखी एक कारण आपल्याकडचे आहे. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे वीटभट्टीवर जातात. चार-सहा महिने शेगडी बंद असते. तेवढ्यात नळीत कोळिष्टक होते. कुंभारीण माशी तिथे मातीचे घर बांधते. घरी परतल्यावर शेगडी पेटवली की ज्योत पिवळी!

अशा वेळी काय करावे?

पहिल्याने रेग्युलेटर बंद करावा. शेगडी गार होऊ द्यावी. मग बर्नर उचलून काढावा. कोमट पाण्यात साबण घालून जुन्या दातांच्या ब्रशाने तो घासावा. बर्नरची बुजलेली भोके बारीक तारेने मोकळी करावी. नळीत जाळे किंवा माती असेल तर ती काढावी. बर्नर अगदी कोरडा करावा आणि नीट जागेवर बसवावा. ओला बर्नर नीट पेटत नाही.

एकच बर्नर मंद असेल तर दोष बहुधा त्याच बर्नरचा किंवा त्याच्या जेटचा असतो. दोन्ही मंद असतील तर सिलिंडर संपत आला असेल, नाहीतर रबरी नळी कुठे मुडपली असेल.

आता जेटविषयी. इथे आमचीच चूक सांगतो. आमच्या लहानपणी घरोघर घासलेटचा पंपाचा स्टो असे. असा स्टो १८९२ साली स्वीडन देशात लिंडक्विस्ट यांनी काढला. त्याचे निपल काजळीने बुजे. मग त्यात खास पिन घालायची की स्टो पुन्हा फुरफुरू लागे. ती सवय आमच्या हाताला लागलेली. एकदा घरातून हाक आली, "अहो, शेगडी नीट पेटत नाही, जरा बघता का?" आम्ही उठलो आणि जेटमध्ये सुई घातली. ज्योत मोठी झाली. आम्हाला वाटले, जमले! पण ती पिवळी होती. आठ दिवसांत सगळी भांडी काळी झाली. मिस्त्रीने जेट काढून दाखवले. पितळ मऊ असते. सुईने भोक रुंद झाले होते. गॅस जास्त येऊ लागला, हवा मात्र तेवढीच राहिली. शेवटी जेट बदलावे लागले.

म्हणून जेटला सुई, पिन, तार काही लावू नये. गॅस एजन्सीच्या माणसाला बोलवावे. यात नुसत्या भांड्यांचा प्रश्न नाही. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू होतो. त्याला वासही नसतो. बंद झोपडीत तो जिवावर बेततो. म्हणून स्वयंपाक करताना दार-खिडकी उघडी ठेवावी.

मूळ गॅसलाही वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वास मुद्दाम मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. वास आला तर काडी ओढू नये, दिव्याचे बटण दाबू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे उघडावी, मुलांना घेऊन बाहेर जावे आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा. गळती शोधायची ती साबणाच्या फेसाने, काडीने कधीच नाही.

त्या बाईंनी रविवारी बर्नर धुतला. नळीतून मातीचे एवढेसे ढेकूळ निघाले. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन त्या म्हणाल्या, "गुरुजी, ज्योत निळी झाली."

आज रात्री आपल्या शेगडीची ज्योत जरा वाकून पाहा. ती निळी आहे ना?