एकच कोड, दोन उत्तरं : शेअर्ड लायब्ररी बनवताना

एक प्रयोग करून बघा. सी भाषेत गॅमा फंक्शन स्वतः लिहा आणि त्याचं नावही 'गॅमा' असंच ठेवा. त्याच फाइलमधल्या दुसऱ्या फंक्शनमधून ते बोलवा. दोन्हींची मिळून शेअर्ड लायब्ररी बनवा आणि पायथनमधून त्या दुसऱ्या फंक्शनला 5 द्या. विंडोजवर 24 हे बरोबर उत्तर येतं. लिनक्सवर जीसीसीने बनवलेल्या लायब्ररीतून मात्र 3.178 येऊ शकतं. एरर काहीच नाही!

3.178 म्हणजे 24 चा लॉग. लिनक्सच्या गणिताच्या लायब्ररीत याच नावाचं एक जुनं फंक्शन आहे आणि ते गॅमाचा लॉग देतं. तुमच्याऐवजी ते चाललं.

असं का होतं?

शेअर्ड लायब्ररी मेमरीत कुठे बसेल हे कंपाइलरला आधी माहीत नसतं. म्हणून तो कुठेही चालेल असा कोड तयार करतो (जीसीसीचा 'एफ-पीआयसी' हा पर्याय त्यासाठीच). बोलावलेल्या फंक्शनचा पत्ता नंतर, प्रोग्राम चालू होताना, लोडर नावावरून शोधतो. फरक पडतो तो या शोधण्यात.

आमच्या श्रीपूरच्या चौकात 'ओ पाटील!' अशी हाक मारा. जो पाटील आधी ऐकेल तो वळेल. लिनक्सचं तसंच आहे. सगळ्या लायब्ररींची नावं एका रांगेत, जे आधी सापडेल ते खरं. पायथनने गणिताची लायब्ररी बहुधा आधीच उघडलेली असते, त्यामुळे तिचा नंबर पहिला लागतो. ही चूक नाही, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. मेमरी तपासणारी साधनं 'मॅलॉक'च्या जागी स्वतःचं फंक्शन याच वाटेने घुसवतात.

विंडोज आणि मॅकवर हाक घराच्या नावासकट मारली जाते. फंक्शनच्या नावासोबत ते कुठल्या लायब्ररीतलं हेही नोंदवलेलं असतं. मॅकमध्ये ही पद्धत 2001 पासून आहे. शिवाय विंडोजवर 'डीएलएल-एक्सपोर्ट' असं सांगितल्याशिवाय नाव सहसा बाहेर दिसतच नाही.

मग करायचं काय?

पहिलं, लिनक्सवरही नावं झाका. जीसीसी 4.0 (2005) पासून 'व्हिजिबिलिटी हिडन' हा पर्याय आहे. तो लावा आणि बाहेर द्यायची मोजकी फंक्शन्सच उघडी ठेवा. विंडोजची खूण आणि जीसीसीची खूण एकाच मॅक्रोत बसवली की कोड सगळीकडे तोच राहतो.

दुसरं, आतल्या मदतनीस फंक्शन्सना 'स्टॅटिक' करा आणि बाहेरच्यांना प्रोजेक्टचा उपसर्ग लावा.

तिसरं, लिनक्सच्या लिंकरला 'नो-अनडिफाइन्ड' सांगा. एखादं फंक्शन कुठेच नसलं तरी लिनक्स लायब्ररी बनवू देतो, रडतो ते चालवताना. विंडोज बनवतानाच अडवतो.

शेवटी 'एनएम' कमांड 'डी' पर्यायासह चालवून बाहेर दिसणारी नावं वाचा. यादी लांबलचक असेल तर पहिली पायरी राहिली समजा.

यात खोलात जायचं असेल, तर आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं जीसीसी रिसोर्स सेंटर शोधा. जीसीसी आतून कसा चालतो, हे तिथल्या साहित्यातून शिकता येतं.

प्रोग्राम बंद पडला तर तुम्ही निदान शोधायला तरी बसता. चुकीचा आकडा मात्र गुपचूप ग्राफमध्ये जातो आणि ग्राफ प्रबंधात. म्हणून निकाल लिहिण्याआधी तोच कोड निदान दोन सिस्टीमवर चालवून आकडे जुळतात का, ते बघाच.