कुत्रा जेवत नाही: किती थांबायचं, कधी निघायचं

आजच्या भागात कुत्र्याच्या भुकेबद्दल बोलू.

"कालपासून आमचा जेवत नाहीये, काय देऊ?" हा प्रश्न मला इंदूरहून येतो, बडोद्याहून येतो, बंगळुरूहूनही येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: काय द्यायचं ते नंतर बघू. आधी तो का खात नाही ते बघा, आणि किती वेळ थांबता येईल ते ठरवा. भूक जाणं हा स्वतः रोग नाही, ती खबर आहे. खबर आली की आधी तपास करायचा.

मी पशुवैद्य नाही. फौजेत श्वानपथकांबरोबर काम केलं, तिथे हँडलरची पद्धत जवळून पाहिली. चांगला हँडलर सकाळी कामाला निघण्यापूर्वी कालचं भांडं बघतो, शी कशी झाली ते बघतो, मग कुत्र्याचं तोंड, डोळे, कान आणि पंजे. पाच मिनिटांचं काम आहे. घरच्या कुत्र्यासाठीही तेच करायचं.

पहिला प्रश्न: खायचं नाही, की खाता येत नाही?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला भूकच नाही तो भांड्याकडे येत नाही, वास घेऊन तोंड फिरवतो. ज्याला भूक आहे पण खाता येत नाही तो धावत येतो, घास उचलतो, खाली टाकतो, एकाच बाजूने चावतो, लाळ गाळतो. असं दिसलं तर दुखणं बहुतेक तोंडात असतं: किडलेला दात, सुजलेली हिरडी, नाहीतर टाळूत आडवं अडकलेलं हाड.

इथे एक सावधानता. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, वागणं बदललंय, आणि रेबीजची लस झालेली नाही किंवा माहीत नाही, अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. "घशात हाड अडकलं असेल" म्हणून माणसं हात घालतात. ते रेबीज असू शकतं. लाळ जखमेला लागली किंवा दात लागला तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसरं: बाकीचं शरीर काय सांगतंय?

ओठ उचलून हिरड्या बघा. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी होते आणि साधारण दोन सेकंदांत रंग परत येतो. फिकट, पिवळी किंवा निळसर हिरडी म्हणजे लगेच डॉक्टर. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

ताप नाकावरून कळत नाही. कोरडं नाक झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही असतं. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलिन लावून गुदद्वारातून ताप मोजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. माणसाच्या हिशेबाने ते ताप वाटेल, पण ते ठीक आहे. १०३ च्या वर गेलं तर ताप समजा.

मग पाणी किती पितो, उलटी किंवा जुलाब आहेत का, शू होतेय का, पोट फुगलंय का, ते पाहा.

तिसरं: आपल्याकडचा मोठा संशयित, गोचीड

आपल्या देशात प्रौढ कुत्र्याची भूक गेली, मरगळ आली, ताप आला, की माझ्या मनात पहिला संशय गोचीडतापाचा येतो. एर्लिचिया नावाचे जिवाणू तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरतात. रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, नाकातून रक्त येऊ शकतं, पोटाच्या कातडीवर लाल ठिपके दिसू शकतात. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याच्या कुत्र्यांना, विशेषतः जर्मन शेफर्ड जातीला, याच रोगाने फार मोठा फटका दिला.

"पण आमच्याकडे एकही गोचीड दिसत नाही," असं पुष्कळ जण म्हणतात. चावा आणि आजार यांत साधारण एक ते तीन आठवडे जातात. तोवर ती गोचीड पोट भरून गळून पडलेली असते, तुमच्या भिंतीच्या फटीत किंवा सोफ्यामागे. गोचीड दिसत नाही म्हणून रक्ततपासणी टाळू नका.

याच्या उपचारात एक गोष्ट सारखी बिघडते. डॉक्टर सहसा डॉक्सिसायक्लिनचा सुमारे चार आठवड्यांचा कोर्स देतात. बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत कुत्रा जेवायला लागतो आणि घरचे ठरवतात, बरा झाला, आता गोळी कशाला? भूक परत आली म्हणजे रोग गेला असं नाही. अर्धवट उपचारानंतर तो शरीरात दबून राहू शकतो आणि पुढे अस्थिमज्जेवर उतरू शकतो. कोर्स पूर्ण करा. ही गोळी रिकाम्या पोटी मळमळ आणते आणि भूक आणखी मारते, म्हणून थोड्या अन्नाबरोबर द्या.

चौथं: वय, लिंग आणि ऋतू

लस अपुरी राहिलेलं पिल्लू खात नाही, उलट्या करतंय, रक्ताचे जुलाब आहेत, तर पार्व्होचा धोका. तासांचा प्रश्न आहे.

नसबंदी न झालेली मादी, माजावर येऊन एक-दोन महिने झालेत, जेवण कमी आणि पाणी खूप, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्या. स्राव दिसेलच असं नाही. उघड्या तोंडाच्या प्रकारात तो दिसतो, बंद प्रकारात दिसत नाही, आणि बंद प्रकार जास्त घातक.

म्हातारा कुत्रा, पाणी आणि शू वाढलेली, तोंडाला घाण वास: मूत्रपिंडं तपासा. पावसाळ्यात उंदरांचा वावर, साचलेलं पाणी आणि पिवळे डोळे: लेप्टोस्पायरोसिस. तो माणसालाही होतो, म्हणून शू साफ करताना हातमोजे घाला.

उत्तरेत मे-जूनमध्ये निरोगी कुत्राही कमी खातो. त्याला पहाटे आणि रात्री उशिरा जेवू घाला. घरातलं माणूस बाहेरगावी गेलं, बदली झाली, घर बदललं, तरी एक-दोन वेळा जेवण सुटतं. पण अशा वेळी तो पाणी पितो, फिरायला उठतो, शेपटी हलवतो.

किती थांबायचं?

- प्रौढ कुत्रा, पाणी पितोय, खेळतोय, बाकी काही नाही: २४ तास थांबता येतं. त्यापुढे डॉक्टर.
- पिल्लू: दोन वेळा जेवण चुकलं की निघा. लहान जातीच्या पिल्लांची रक्तातली साखर झपाट्याने उतरते.
- मधुमेही कुत्रा: जेवला नाही तर इन्सुलिन देण्याआधी डॉक्टरांना फोन.
- पोट ढोलासारखं फुगलंय, उलटीचा उमाळा येतो पण काही पडत नाही: रात्रीचे दोन वाजले असतील तरी निघा. जठराला पीळ बसलेला असू शकतो. खोल छातीच्या मोठ्या जातींत हा धोका जास्त.
- भूक नाही आणि सोबत वारंवार उलटी, फिकट हिरड्या किंवा धाप: थांबू नका.

आता, काय द्यायचं?

धोक्याचं काही नसेल तर मऊ भात आणि उकडलेली चिकन. मीठ, मसाला, कांदा, लसूण नको. अन्न कोमट करा, वास वाढतो, आणि कुत्रा आधी नाकाने जेवतो. तोंडात कोंबू नका. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो. आपल्या डब्यातलं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अजिबात नाही, त्याने जीव जाऊ शकतो. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही नाही.

आणि ज्याची तब्येत उत्तम आहे पण जेवत नाही, त्याच्या घरी चौकशी करा. आजीने सकाळी चहाबरोबर बिस्किटं दिली, नातवाने टेबलाखालून पोळी दिली, वॉचमननेही काही दिलं. त्याचं पोट भरलेलं आहे. भांडं १५-२० मिनिटं ठेवा, खाल्लं नाही तर उचला, पुढच्या वेळेपर्यंत मध्ये काही नाही. घरातल्या सगळ्यांनी हा नियम पाळला तरच तो चालतो.

एक छोटी वही ठेवा: किती खाल्लं, पाणी, शी, वजन. कुत्रा बोलत नाही, डॉक्टरांसमोर त्याची बाजू ही वही मांडते. पुढच्या भागात घरातून गोचीड कशी हटवायची ते पाहू. जय हिंद.