शेकड्याचा भाव, पेंढीचं माप

पाऊस दडी मारतो तेव्हा लोक धरणांचा साठा बघतात, मी कडब्याचा भाव बघतो. ही खोड जुनी. त्यातून एक कळलं : कडब्याचा भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर पेंढ्यांवर सांगतात आणि पेंढी केवढी हे कुठेच छापून येत नाही. रब्बीची ज्वारी काळ्या रानात धरून ठेवलेल्या ओलीवर वाढते. हस्ताचा पाऊस चुकला की ताटं गुडघा-मांडीएवढीच राहतात, पेंढी मुठीत मावते. भाव दीडपट झाला असं आपण वाचतो तेव्हा वैरण त्याहून कितीतरी महागलेली असते.

घेणारा मात्र फसत नाही. पेंढी उचलून वजन अजमावतो, पाला किती राहिलाय ते बघतो, एखादं धाट मोडून चावतो. गोड लागलं तर पुढची बोलणी. अवकाळीत भिजून काळा पडलेला कडबा तो बाजूला सारतो. शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कडब्याला हायब्रीडच्या कडब्यापेक्षा चार पैसे जास्त मिळतात ते या पारखीमुळेच.

या ‘चार पैशां’वरून एक मोठा वाद झाला, पण तो कागदावर कमी आणि रानात जास्त. 1964 साली सीएसएच-1 हे ज्वारीचं देशातलं पहिलं संकरित वाण आलं. बुटकं, दाण्याला भारी. खरिपात ते आणि त्याच्या पुढची वाणं पसरली. सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या रब्बीवाल्यांनी मात्र 1930 च्या दशकात मोहोळला निवडलेली मालदांडी 35-1 सोडली नाही. त्यांना अडाणी, परंपरेला चिकटलेले म्हटलं गेलं. मला तर हिशेबात तेच पुढे दिसतात : माणसाला भाकरी, बैलाला कडबा, दोन्ही एकाच ताटावर. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने 1975 पासून सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूर आणि कळमण इथे घराघरांतल्या जमाखर्चाच्या नोंदी ठेवल्या. पुढे तिथल्याच अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं की दाण्याच्या तुलनेत वैरणीचं मोल वाढत गेलं आहे. शेतकऱ्याला ते आधीच ठाऊक होतं.

चाऱ्याची महागाई सरकारला कळतच नाही असं नाही. 2019 च्या उन्हाळ्यात दुष्काळी चारा छावणीतल्या मोठ्या जनावरामागे दिवसाला 70 रुपये अनुदान ठरलं होतं. मे महिन्यापर्यंत ते 100 वर न्यावं लागलं. तरी हात जातो तो बंदीकडे. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला आणि अनेक जिल्ह्यांतून वैरण बाहेर नेण्यास मनाई झाली. गावातली जनावरं जगावीत हा हेतू बरोबर. पण दाणा बुडालेल्या कोरडवाहू माणसाच्या हातात उरलेला एकमेव चढा भावही त्यातून जातो. बंदी घालायची तर त्याच्या गंजीला आधी हमीभाव द्या.

आणि मुळात दुष्काळ मोजायचा कसा? पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, दाण्याच्या उताऱ्यावर ठरते. कणसं बरी भरली पण ताटं खुरटली, तर गाव कागदावर सुखी आणि गोठा रिकामा. पीककापणीच्या प्रयोगात कणसं कापतातच, तिथेच ताटंही वजनावर घाला. एक तराजू आणि नोंदवहीत एक रकाना, एवढीच महसूल खात्याकडे मागणी आहे.