तिसऱ्या वर्षाची सबुरी

पावसाळा सरत आला आणि शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस जवळ आले, की आमच्या बालाघाटात मुख्याध्यापकास हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असतो : “सर, यंदा आपला संघ कुठवर जाणार?” संघ जिंकत असेल तर विचारणाऱ्याच्या मुद्रेवर कौतुक असते. हरत असेल तर पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : “मग हे खूळ चालू कशाला ठेवता? पोरांचा अभ्यास बुडतो.” आणि संघ लागोपाठ तीन वर्षे हरला असेल, तर हा दुसरा प्रश्न सल्ल्याचे रूप घेतो. बास्केटबॉलच्या बाबतीत हे आम्ही फार अनुभवले आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या इतिहासातील एक हकिगत गवसली. ती घडली सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना या राज्यात. परंतु तिचे मर्म वैनगंगेच्या काठीही तितकेच खरे आहे. म्हणून ती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम या खेळाच्या कुळाविषयी थोडेसे. बास्केटबॉल हा राजवाड्यात वा रणांगणावर जन्मलेला खेळ नव्हे; तो एका शिक्षकाच्या अडचणीतून जन्मला. १८९१ सालच्या डिसेंबरात, स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षणशाळेत, थंडीमुळे घरात कोंडल्या गेलेल्या दांडग्या विद्यार्थ्यांना गुंतवून ठेवण्यासाठी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ समोरासमोर उभे केले. टोपलीची ती दहा फुटांची उंची आजही कायम आहे. हेच नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांची कामगिरी काय? ५५ विजय आणि ६० पराभव! त्या विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव अधिक पदरी असलेला प्रशिक्षक एकच, आणि तो म्हणजे खेळाचा जनक! मात्र त्यांच्याच हाताखाली फॉग ॲलन नावाचा शिष्य तयार झाला, तो थोर प्रशिक्षक ठरला. आणि ॲलनच्या १९५२ च्या विजेत्या संघात राखीव खेळाडू म्हणून बसणारा डीन स्मिथ नावाचा तरुण पुढे उत्तर कॅरोलिनात गेला. आपल्याकडे गाण्यात आणि तालमीत गुरुपरंपरा सांगतात, तशीच ही. तिच्या मुळाशी हरलेला गुरू आहे, हे ध्यानात ठेवावे.

उत्तर कॅरोलिनात चॅपेल हिल आणि डरहॅम अशी दोन गावे आहेत. त्यांमधील अंतर बालाघाटहून वारासिवनीस जावे साधारण तितकेच, सोळा किलोमीटरच्या आसपास. चॅपेल हिल येथे राज्याचे सरकारी विद्यापीठ, अठराव्या शतकाच्या अखेरीस उघडलेले. तर डरहॅम येथे ड्यूक विद्यापीठ, तंबाखू आणि वीज यांच्या व्यवसायात धनाढ्य झालेल्या एका कुटुंबाच्या देणगीतून १९२४ साली आजच्या रूपास आलेले. एकाचा रंग फिका निळा, दुसऱ्याचा गडद निळा. एकाच बाजारात भाजी घेणारी, एकाच कचेरीत नोकरी करणारी, प्रसंगी एकाच घरात नांदणारी माणसे या दोन निळ्या रंगांवरून वर्षातून दोन-तीन दिवस एकमेकांशी अबोला धरतात. ड्यूकच्या क्रीडागृहात जेमतेम नऊ हजार तीनशे माणसे मावतात. म्हणून जागा मिळावी यासाठी विद्यार्थी कडाक्याच्या थंडीत बाहेर तंबू ठोकून अनेक रात्री काढतात. १९८६ पासून हा प्रघात आहे.

डीन स्मिथ १९६१ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, चॅपेल हिलच्या संघाचे प्रमुख झाले. आधीच्या प्रशिक्षकाच्या काळात नियमभंगाचे प्रकरण झाले होते. संघाची अब्रू आणि बळ दोन्ही खालावलेली होती. पहिल्या हंगामात आठ विजय, नऊ पराभव. पुढेही मनासारखे यश येईना. १९६५ च्या जानेवारीत बाहेरगावी हरून संघाची बस परत आली, तेव्हा विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांनी स्मिथ यांचा पुतळा फासावर लटकावलेला होता. बसमधून उतरून एका खेळाडूने तो खेचून खाली पाडला. विद्यापीठाने स्मिथ यांना हलवले नाही. पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळाले ते १९८२ साली, म्हणजे रुजू झाल्यानंतर एकवीस वर्षांनी. १९९७ साली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावे ८७९ विजय होते. तोवर कोणालाही इतके मिळाले नव्हते.

परंतु आम्हां शिक्षकांस त्यांची एक लहानशी शिस्त त्या आकड्याहून मोठी वाटते. ज्याने टोपलीत चेंडू टाकला, त्याने ज्या साथीदाराकडून चेंडू मिळाला त्याच्याकडे बोट दाखवून ऋण मान्य करावयाचे, असा त्यांचा दंडक होता. २०१५ साली ते वारले, तेव्हा मृत्युपत्रान्वये त्यांच्या सुमारे १८० जुन्या खेळाडूंना प्रत्येकी दोनशे डॉलर पोहोचले. बाहेर कुठे चांगले जेवा, एवढाच त्यामागचा हेतू. हरत्या दिवसांत जे नाते जुळते, ते असे टिकते.

आता डरहॅमकडे वळू. ड्यूकचा संघ १९७८ साली राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. पण दोन वर्षांनी त्याचा प्रशिक्षक अन्यत्र गेला आणि अनुभवी खेळाडूही शिक्षण संपवून बाहेर पडू लागले. १९८० साली क्रीडासंचालक टॉम बटर्स यांनी नेमला तो तेहतीस वर्षांचा एक अपरिचित माणूस, माइक शशेव्हस्की. शिकागोतील पोलिश स्थलांतरित कुटुंबातला. बाप लिफ्ट चालवणारा, आई इमारतींची साफसफाई करणारी. नाव तर असे, की त्याचे स्पेलिंग हाच चेष्टेचा विषय झाला. त्याच्या आधीच्या संघाने शेवटच्या हंगामात नऊ सामने जिंकून सतरा गमावले होते.

ड्यूकमधील पहिल्या वर्षी १७ विजय आणि १३ पराभव. दुसऱ्या वर्षी १० आणि १७. तिसऱ्या वर्षी ११ आणि १७. आणि याच काळात शेजारी काय चालले होते? १९८२ साली चॅपेल हिल राष्ट्रीय विजेते; मायकेल जॉर्डन या पहिल्या वर्षाच्या मुलाने निर्णायक गोल केला. १९८३ साली जवळच्याच राली गावचे विद्यापीठ विजेते. शेजारच्या दोन्ही घरी लग्नाची वाजंत्री आणि आपल्या ओसरीवर शुकशुकाट, अशी ड्यूकची अवस्था! त्यातच १९८३ च्या मार्चमध्ये व्हर्जिनिया संघाने ड्यूकला १०९ विरुद्ध ६६ असे धुळीस मिळवले. त्या रात्री उपाहारगृहात सहकाऱ्यांपैकी कोणी म्हणाले, की आजची रात्र आपण विसरून जाऊ; त्यावर शशेव्हस्की यांनी ती कधीही विसरावयाची नाही असे बजावले, ही हकिगत तेथे आजही सांगतात.

देणगीदार खवळले. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही वृत्ती काही आपलीच मिरास नव्हे. नव्या माणसास काढून टाका, अशी हाकाटी झाली. अशा वेळी, १९८४ च्या जानेवारीत, हंगाम अर्धा झालेला आणि संघ अडखळतच असताना, बटर्स यांनी शशेव्हस्की यांचा करार पाच वर्षांनी वाढवून दिला! त्याच मार्चमध्ये ड्यूकने विभागीय स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात जॉर्डनच्या चॅपेल हिलला ७७–७५ असे नमवले. १९८६ साली अंतिम सामन्यापर्यंत मजल, १९९१ साली पहिले अजिंक्यपद. २०२२ साली निवृत्ती घेईतो पाच अजिंक्यपदे आणि बाराशेहून अधिक विजय.

येथे सुज्ञ वाचकांनी एक बारकावा पाहावा. १९८६ चा तो पराक्रमी संघ ज्या मुलांच्या खांद्यांवर उभा होता, ती मुले १९८२ साली ड्यूकमध्ये दाखल झाली होती. म्हणजे व्हर्जिनियाकडून त्रेचाळीस गुणांनी हरणारी पोरे तीच! जगाने ज्याला अपयशाचे वर्ष म्हटले, ते वस्तुतः रोवणीचे वर्ष होते. आमचा जिल्हा धानाचा. बांधीत पऱ्हे रोवले, की पहिले काही दिवस शेत पिवळे पडते. नवखा माणूस म्हणेल, पीक गेले. शेतकरी मात्र जाणतो, की मुळे नवी माती धरीत आहेत. येथल्या ज्या सुवासिक चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो उशिरा हाती येणाराच वाण आहे.

तथापि सबुरी म्हणजे आंधळा हट्ट नव्हे. हरणारा प्रत्येक प्रशिक्षक थोर ठरत नाही आणि प्रत्येक पिवळे शेत हिरवे होत नाही. मग ओळखावे कसे? आमच्या मते गुणफलकाखेरीज तीन गोष्टी पाहाव्यात. हरल्याच्या दुसऱ्या सकाळी मुले सरावाला येतात का? गेल्या वर्षी जे जमत नव्हते, ते यंदा जमते का? आणि खालच्या वर्गातील नवी मुले संघात येऊ पाहतात का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर तो संघ हरत नसून घडत आहे.

आमच्या शाळेत एका तरुण क्रीडाशिक्षकाने मुलींचा बास्केटबॉल संघ बांधावयास घेतला. पहिल्या वर्षी शेजारच्या गावच्या शाळेने आमच्या मुलींना ४० विरुद्ध ६ असे हरवले. दुसऱ्या वर्षीही हरलो, तिसऱ्या वर्षीही हरलो. पण अंतर ३४ गुणांवरून ९ वर आले. नेमक्या त्याच वेळी शिक्षकाच्या बदलीचा आदेश आला. आम्ही अर्ज केले, त्यांचे काही झाले नाही. निवडणूक, जनगणना आणि बदली यांतून सरकारी शाळेतील क्रीडाशिक्षकाच्या वाट्यास जी सलग वर्षे येतात, त्यांत संघ उभा करणे म्हणजे वाळूत खांब रोवणे होय. आज त्याच संघातील एक मुलगी महाविद्यालयात शिकते आणि सकाळी सहाला येऊन धाकट्यांचा सराव घेते. मुली येतात, हीच आमची मिळकत. त्या तीन प्रश्नांची उत्तरे आम्ही दररोज मैदानावर मोजतो.

आणि ज्या शाळेकडून हरतो, तिचेही ऋण आम्ही मानतो. चॅपेल हिल नसते तर ड्यूकला आपली उंची कशावर मोजता आली असती? चांगला प्रतिस्पर्धी म्हणजे घरचा आरसाच. तो खोटे बोलत नाही. शशेव्हस्की यांच्या घरच्या मैदानावरील शेवटच्या सामन्यात चॅपेल हिलनेच त्यांना हरवले. आणि २०२२ च्या राष्ट्रीय उपान्त्य सामन्यात ८१–७७ अशा गुणांनी त्यांच्या कारकिर्दीचा शेवटही चॅपेल हिलनेच केला. बेचाळीस वर्षांचा पुरुषार्थ पराभवाने संपला. पण कोणी त्यास अपयश म्हटले नाही.

हे केवळ परदेशातच घडते असे मात्र नाही. २००० सालापर्यंत आपल्याच मध्य प्रदेशात असलेल्या भिलाईमध्ये पोलाद कारखान्यातील राजेश पटेल यांनी मुलींच्या बास्केटबॉलसाठी आयुष्य वेचले. साध्या घरांतील मुली त्यांच्या हाताखाली घडून भारताच्या संघापर्यंत गेल्या. २०१८ साली ते निवर्तले. दशकानुदशके एकाच मैदानावर उभा राहणारा माणूस काय करू शकतो, याचा दाखला भिलाईत मिळतो.

अमेरिकेतही आता दिवस पालटले आहेत. २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली आणि एक विद्यापीठ सोडून दुसऱ्याकडून लगेच खेळणेही सोपे झाले. खेळाडूंच्या हक्काच्या दृष्टीने हे न्याय्यच म्हणावे लागेल; परंतु पहिल्या वर्षी त्रेचाळीस गुणांनी हरलेली मुले चौथ्या वर्षापर्यंत एकत्र राहतील, याची शाश्वती आता तेथेही उरलेली नाही.

आपल्या गावांत ती शाश्वती अद्याप देता येते. पण ती शासन देणार नाही, ती घरांनी द्यावयाची आहे. मुलगी दहावीत गेली म्हणून तिचे बूट माळ्यावर टाकू नयेत. सकाळचा एक तास तिला राहू द्यावा. हरून आलेल्या मुलास गुण विचारण्याआधी, आज नवे काय जमले हे विचारावे. आणि एखादा शिक्षक तिसऱ्या वर्षीही हरत असेल, तर त्यास सल्ला देण्यापूर्वी एकदा पहाटे मैदानावर जाऊन किती मुले आली आहेत ती मोजावीत.