चाकोरीची गोष्ट

चाकोरी हा शब्द मराठीत फार बदनाम झाला आहे. चाकोरीबाहेरचा विचार करा असे व्यासपीठावरून सांगणारे पुष्कळ. चाकोरीतच राहा असे सांगणारा मला अजून भेटायचा आहे. मी कॉलेजात मराठी शिकवतो, तेव्हा एखाद्या शब्दाची बाजू घेणे हा माझा धर्मच आहे. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकाने मातीत उमटलेली वाट. बैलगाडीच्या दोन चाकांच्या दोन चाकोऱ्या, आणि दोहोंमध्ये आपले गवत वाढते आहे. गाडीला लागते तेवढी जागा गाडीची, उरलेली जमीन जमिनीची, असा तो सरळ व्यवहार. आमच्या घरापुढची मोटारीची वाट वाढवण्याची वेळ आली तेव्हा हा व्यवहार माझ्या कामी आला.

आमचे घर पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत. आजोबांनी ते १९६३ साली बांधले. फाटकापासून आत बारा फूट त्यांनी सिमेंटचा कोबा करून घेतला. तो मोटारीसाठी खासच नव्हे, कारण मोटार होती कुणाकडे? पावसात सायकली रुतू नयेत, एवढाच हेतू. त्यापुढे सव्वीस फूट मातीचे अंगण आणि मग घराच्या पायऱ्या. साठ वर्षे एवढ्यावर कुणाचे अडले नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात आईच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आणि ते सव्वीस फूट एकाएकी लांब झाले. पावसाळा सुरू होताच तिच्या वॉकरचे पाय चिखलात रुतू लागले. मोटार फाटकाशी उभी, आई ओटीवर बसलेली, आणि मध्ये अंगण. तेव्हा कोबा थेट पायऱ्यांपर्यंत न्यायचा असे आमच्या सौ.नी आणि मी ठरवले.

विरोध झाला तो आईकडूनच!

"माझ्या दोन पायांपायी सगळे अंगण पुरून टाकू नका रे," ती म्हणाली. "प्राजक्ताच्या मुळांनी पाणी कुठून प्यायचे? आणि दिवाळीला मुले किल्ला कशावर बांधतील?"

"आणि तुम्ही घरात कोंडून राहायचे, ते चालेल का?" सौ.नी विचारले.

सासू-सुनेच्या वादात दोघींचेही बरोबर असले की मधल्या माणसाने काय करावे, याचे उत्तर कुठल्याही व्याकरणात नाही. त्यात एक ठेकेदार येऊन सांगून गेला, "सगळे अंगणच करून टाका साहेब, रोजच्या झाडलोटीचा ताप वाचेल."

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पुण्याचा वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटर धरला, तर साडेआठ फूट रुंद आणि सव्वीस फूट लांब वाटेवर दरसाल चौदा हजार लिटर पाणी पडते. ते सगळे रस्त्याच्या गटारात सोडायचे आणि मग उन्हाळ्यात प्राजक्ताला नळाचे पाणी घालायचे, यात शहाणपण कसले? तेव्हाच मला चाकोरी आठवली. मोटार काही सबंध अंगणावरून चालत नाही. ती चालते दोन पट्ट्यांवरून. मग कोबाही दोनच पट्ट्यांचा का करू नये? मोटारीच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर मोजले, ते पाच फुटांच्या आसपास भरले. एक पट्टा दोन फुटांचा ठरवला, तो फक्त चाकांसाठी. दुसरा चार फुटांचा, म्हणजे त्यावरून चाकही जाईल आणि आईचा वॉकरही, शेजारी हात धरणाऱ्या माणसासकट. मधले अडीच फूट मातीचे.

गवंडी आला तो साठीचा, मितभाषी गृहस्थ. नकाशा पाहून म्हणाला, "सर, ही तर गाडीवाट झाली." मला एवढा आनंद परीक्षेच्या पेपरांत क्वचितच मिळाला असेल.

मी त्याला विचारले, "जुन्या कोब्याला नवा नीट चिकटेल ना?"

"चिकटवायचाच नाही," तो म्हणाला. "जुना आणि नवा कधी एक होत नाहीत. त्यांना शेजारी करा, सोयरे करू नका."

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नवे काँक्रीट घट्ट होताना आणि वाळताना आकसते. साठ वर्षांच्या जुन्याचे आकसून झालेले असते. शिवाय उन्हाने दोन्ही वाढतात. दहा मीटर लांबीचे काँक्रीट तीस अंशांनी तापले की सुमारे तीन मिलिमीटर लांबते. त्याला जागा ठेवली नाही तर ते आपली जागा फोडून घेते. आमच्या शेजारच्या बंगल्यात जुन्या कोब्याची कड तशीच वेडीवाकडी ठेवून त्याला नवा भिडवला होता. दुसऱ्या वर्षी बरोबर त्या सांध्याशी भेग गेली. आमच्या गवंड्याने जुन्याची कड मशीनने सरळ कापली, मध्ये अर्ध्या इंचाची डांबरी पट्टी उभी केली आणि मगच पुढचे काम धरले. नव्या पट्ट्यांतही दर आठ फुटांवर दुसऱ्या दिवशी चिरा पाडल्या. भेग पडायचीच असेल तर आपण सांगू तिथे पडावी, हा त्यातला हिशेब.

त्याआधी खोदाई झाली. आमच्याकडची जमीन काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचा कोबा तिच्याबरोबर वरखाली होतो. म्हणून पट्ट्यांखालची माती फूटभर काढून तिथे मुरूम भरला आणि पाणी मारून धुमसाने चोपला. त्यावर पाच इंच काँक्रीट. एका भागाला सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. सगळ्याला मिळून पंधरा पोती सिमेंट लागले. बिगारी माल सैल करायला बादलीने पाणी ओतू लागले तसे गवंड्याने हटकले. पन्नास किलोच्या पोत्याला पंचवीस लिटर पाणी, त्याहून फार पुढे जायचे नाही. जास्तीचे पाणी उडून जाते आणि मागे भोके ठेवते. ढाळ ठेवला तो फुटाला पाव इंच. घराकडे नव्हे, फाटकाकडेही नव्हे, आडवा, प्राजक्ताच्या बाजूला.

एवढे झाल्यावर खरे काम आमच्याकडे आले. काँक्रीट उन्हात वाळून घट्ट होते असा पुष्कळांचा समज असतो. ते घट्ट होते पाण्याने. सिमेंट आणि पाणी यांचा संयोग आठवडेच्या आठवडे चालू असतो, आणि पहिल्या दिवसांत पाणी आटले की तो अर्धवट राहतो. त्यासाठी आम्ही चौदा दिवस ओली गोणपाटे अंथरून ठेवली. त्यांवर देखरेख आईची. ओटीवरून ती हाक मारी, "अरे, ते कोपऱ्यातले पोते सुकले बघ!" विरोधी पक्ष असा सरकारात सामील झाला.

काम दसऱ्यानंतर काढले होते. खणलेल्या काळ्या मातीचा ढीग प्राजक्ताखाली पडला होता, त्यावर मुलांची नजर गेली. इतकी माती त्यांना कधीच मिळाली नव्हती! त्या वर्षी राजगड झाला, तिन्ही माच्यांसकट, आणि उतारांवर अळीव पेरले. वसुबारसेला आई चार फुटांच्या पट्ट्यावरून वॉकर घेऊन, सौ.चा हात धरून, पहिल्यांदा किल्ल्यापर्यंत चालत गेली. बालेकिल्ला बुटका झाला आहे, असा शेरा तिने मारला आणि तो उंच करून घेतला. मोटार मात्र आम्ही पुरे अठ्ठावीस दिवस फाटकाबाहेरच ठेवली.

यंदाच्या पावसाळ्यात मोटार थेट पायऱ्यांशी लागली. आई देवळात जाऊन आली, बहिणीकडे दोन दिवस राहून आली. मधल्या अडीच फुटांत कुणी न लावता दूर्वा माजल्या आहेत. गणपतीत पूजेसाठी त्या तिथूनच खुडल्या. नातवाने वाकून खुडायच्या, आणि आईने वॉकरवर हात टेकून मोजायच्या.