एका म्यानांत दोन तलवारी

एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, असें आपण म्हणतों आणि बोलून मोकळे होतों. त्या कांहीं काळ राहिल्याच, तर कशा राहिल्या, हें पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाहीं. आम्हांस हा दुसराच प्रश्न अधिक मोलाचा वाटतो, आणि त्यास अमेरिकेंतील बास्केटबॉलच्या खेळासारखें सोयीचें उदाहरण नाहीं. एका संघाचे पांचच गडी मैदानावर, चेंडू एक, आणि व्यावसायिक सामन्यांत तो हातीं आल्यापासून चोवीस सेकंदांत बास्केटकडे फेंकावा लागतो. क्रिकेटमध्यें दोन थोर फलंदाज एकाच डावांत शतकें काढतात व कोणाचें कांहीं उणें होत नाहीं. येथें एकानें टाकलेला चेंडू दुसऱ्याच्या हातून गेलेलाच असतो.

सन १९९६ च्या उन्हाळ्यांत लॉस अँजेलिसच्या लेकर्स संघानें दोन गडी मिळविले. शकील ओनील हा चोवीस वर्षांचा, सात फूट एक इंच उंचीचा, नांवाजलेला खेळाडू. त्याच्याशीं सात वर्षांचा सुमारें १२ कोटी डॉलरांचा करार झाला. दुसरा कोबी ब्रायंट. (नांवाचा भाजीशीं कांहीं संबंध नाहीं.) हा शाळेंतून थेट आलेला, वय सतरा, म्हणून करारावर आईबापांच्याहि सह्या घ्याव्या लागल्या.

दोघांच्या कामाच्या जागा निराळ्या होत्या, हें पहिलें भाग्य. ओनील बास्केटखालीं उभा राही. त्यास आवरण्यासाठीं दोन-दोन, तीन-तीन गडी धांवत आणि ब्रायंटपुढें मैदान मोकळें होई. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ओनीलमध्यें एक मोठी उणीव होती. प्रतिपक्षानें आगळीक केली म्हणजे 'फ्री थ्रो', अर्थात् कोणी आडवें न येतां चेंडू टाकण्याची संधि मिळते. ओनीलचे असे चेंडू निम्म्याहून थोडेच अधिक आंत जात. म्हणून प्रतिपक्ष त्याच्याशीं मुद्दाम आगळीक करी. ब्रायंटचे शंभरांत ऐंशींहून अधिक जात. तेव्हां सामन्याच्या अखेरीस चेंडू धाकट्याच्या हातीं देणें भागच होतें. थोरल्यास एवढी एक गोष्ट साधत नव्हती, म्हणूनच धाकट्यास घरांत जागा झाली, असें आम्हांस वाटतें.

तरी पहिलीं तीन वर्षें अजिंक्यपद हुकलें. १९९९ सालीं फिल जॅक्सन प्रशिक्षक म्हणून आला, आणि चेंडू सर्वांच्या हातून फिरविणारी त्रिकोणाची पद्धत लागू झाली. जून २००० मध्यें पोर्टलंडविरुद्ध शेवटच्या सत्रांत पंधरा गुणांनीं मागें पडलेला संघ बरोबरी करून पुढें गेला, आणि अखेरच्या मिनिटांत ब्रायंटनें उंच झेलून दिलेला चेंडू ओनीलनें बास्केटमध्यें दडपला. पुढें इंडियानाशीं अंतिम फेरींतील चौथ्या सामन्यांत, जादा वेळांत, सहा आगळिकी भरून ओनील बाहेर गेला. पाय दुखावल्यामुळें आदल्या सामन्यास मुकलेल्या ब्रायंटनें त्या जादा वेळांत आठ गुण काढून १२० विरुद्ध ११८ असा सामना राखला. २०००, २००१, २००२ अशीं तीन वर्षें लागोपाठ अजिंक्यपद लेकर्सकडे राहिलें.

आतां गंमत पाहा. २०००–०१ च्या हंगामांत ओनीलची सरासरी २८.७ गुण, ब्रायंटची २८.५. वांटणी इतकी सारखी कीं एखाद्या पंचासहि साधली नसती. आणि नेमकें त्याच वर्षीं भांडण वर्तमानपत्रांत गेलें! तेव्हां तंटा चेंडूचा नव्हता. संघ कोणाचा म्हणावयाचा, याचा होता. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको. ओनीलच्या मतें खेळ प्रथम आपल्याकडून जावा. रात्रंदिवस सराव करणाऱ्या ब्रायंटला थोरल्याची सुस्ती खपत नसे. २००४ सालीं डेट्रॉइटकडून अंतिम फेरींत हार झाली, आणि ओनील मायामीस गेला.

पुढल्या हंगामांत लेकर्सनीं ८२ पैकीं ३४ च सामने जिंकले. २२ जानेवारी २००६ रोजीं ब्रायंटनें टोरोंटोविरुद्ध एकट्यानें ८१ गुण केले. त्या वर्षीं त्याचा संघ बाद फेरीच्या पहिल्याच पायरीवर घसरला. उलट ओनीलनें मायामींत चोवीस वर्षांच्या ड्वेन वेडला पहिला मान दिला व २००६ चें अजिंक्यपद घेतलें. ब्रायंटनेंहि २००९ व २०१० सालीं पाउ गॅसोलच्या साथीनें तें मिळविलें. तेथें थोरला कोण, हा प्रश्नच नव्हता. मात्र मान ठरलेल्या जोड्यांस एक व दोन, आणि भांडणाऱ्या जोडीस तीन, हा हिशेब आमच्या मनांतून जात नाहीं.

ब्रायंट २६ जानेवारी २०२० रोजीं हेलिकॉप्टरच्या अपघातांत मुलीसह वारला. पुढल्या महिन्यांतील शोकसभेंत ओनीलनें एक आठवण सांगितली. कोबी चेंडू देत नाहीं, अशी सोबत्यांची तक्रार आली, तेव्हां त्यानें कोबीस बजावलें कीं, 'टीम' या शब्दांत 'आय' हें अक्षर नाहीं. कोबीनें उत्तर दिलें, ठाऊक आहे, पण त्यांत 'एम' आणि 'ई' आहेत. त्या दिवसापासून आपल्या मनांत त्याच्याविषयीं आदर उत्पन्न झाला, असें ओनील म्हणाला. आणि ती शोकसभा हंसली.