पंप विकत घेण्याआधी

स्वयंपाकघरातल्या नळाची धार करंगळीएवढी झाली की ‘पाण्याला फोर्सच नाही’ असा निष्कर्ष लगेच निघतो आणि प्रेशर पंपाची चौकशी सुरू होते. ही घाई टाळायला हवी. अडथळा कुठे आहे हे घरातले बाकीचे नळच सांगतात. एकाच टाकीचं पाणी न्हाणीघरात जोरात पडतंय आणि सिंकवर मात्र कसंबसं येतंय, तर दोष टाकीचा नाही की दाबाचाही नाही; तो त्या नळाच्या शेवटच्या हातभर अंतरात आहे. तिथे सगळ्यात आधी नळाच्या तोंडाची जाळी पाहावी. फडकं गुंडाळून ती फिरवली की बहुधा हातानेच निघते. आत वाळूचे कण, गंजाच्या खपल्या, मागच्या दुरुस्तीतले टेफलॉन टेपचे धागे आणि बोअरचं पाणी असेल तर पांढरा, खरखरीत थर सापडतो. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे पिण्याजोगं पाणीही जाळी बुजवू शकतं. व्हिनेगरमध्ये काही तास ठेवली की ती मोकळी होते. तीव्र ॲसिड नको, मुलामा जातो. जाळी काढूनही धार बारीकच असेल, तर सिंकखालचा अँगल कॉक अर्धवट बंद आहे का ते बघा. तो पूर्ण उघडा असूनही धार बारीक असेल, तर तो पूर्ण बंद करून मगच नळ खोला: जुन्या नळात फुगलेला किंवा सुटलेला वायसर वाट अडवतो. फक्त गरम पाणीच कमी येत असेल, तर गिझरकडे वळा, कारण पाणी तापलं की क्षार जास्त साचतात.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, पंपाने प्रश्न सुटतोच की! पण अडथळा तसाच ठेवून दाब दुप्पट केला तर पाणी दुप्पट नव्हे, साधारण १.४ पटच होतं, आणि जुन्या सांध्यांवर ताण येतो तो वेगळाच. दाब खरोखर कमी असतो ती घरं वेगळी. पाण्याच्या १० मीटर उंचीने दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. टाकी नळापेक्षा २ मीटरच वर असेल, तर त्याचा पाचवा हिस्सा. म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावर सगळेच नळ पहिल्या दिवसापासून मंद चालतात, आणि तिथे पंप योग्यच. धार वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत गेली असेल आणि पाइप जुने जीआयचे असतील, तर आतून गंज चढलेला असतो. तिथे पाइप बदलण्याला पर्याय नाही. टाकी धुतल्यावर अचानक पाणी बंद झालं, तर पाइपात हवा अडकली असावी.

पंप लावायचाच तर टाकीनंतरच्या पाइपवर लावा. पालिकेच्या जोडणीला थेट लावलेला पंप शेजाऱ्याचं पाणी ओढतो, आणि वाटेतल्या गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणीही.